बोटांनी लावलेले कप्पे

कादंबरी सामाजिक असते, ऐतिहासिक असते, नाहीतर रहस्यकथा. नाटक कौटुंबिक असतं किंवा फार्स. म्हणजे गोष्ट कशाबद्दल आहे, किंवा ती पाहून हसू येणार की डोळ्यांतून पाणी, यावर आपण कप्पे लावतो. व्हिडिओ गेम मी खेळत नाही आणि खेळायची हौसही नाही. पण शिकायला आलेला भाचा घरात राहत असल्यामुळे गेम विकणारी ऑनलाइन दुकानं त्याच्या खांद्यावरून भरपूर पाहून झाली आहेत. तिथे गोष्ट कशाबद्दल आहे याला फारशी किंमत नाही. खेळणाऱ्याच्या बोटांना काम काय, यावर कप्पा ठरतो. पळा आणि उड्या मारा, गोळ्या झाडा, गाडी हाका, ठोकळे जुळवा, गाव वसवा.

‘डूम’ हा १९९३चा गेम मंगळाच्या चंद्रांवर सुरू होतो आणि त्यात नरकातली भुतं येतात. ‘कॉल ऑफ ड्यूटी’चा पहिला भाग, २००३चा, दुसऱ्या महायुद्धातला आहे. ग्रंथालयात या दोन विषयांची पुस्तकं एकमेकांच्या आसपासही आली नसती. इथे दोघे एका फळीवर, कारण दोन्हींत पडद्याच्या तळाशी बंदूक दिसते, ती धरणारा दिसत नाही, आणि समोर येईल त्याला गोळी घालायची असते. याला म्हणायचं फर्स्ट पर्सन शूटर. बरं, बंदूक दिसली की शूटर म्हणावं, तर २००७चा ‘पोर्टल’ आडवा येतो. त्यातही हातात बंदूकच, पण ती भिंतीत दारं पाडते. एका दारातून शिरायचं, दुसऱ्यातून निघायचं आणि खोलीबाहेरची वाट शोधायची. तो गेला कोड्यांच्या कप्प्यात.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० साली आला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला निघालेली मुलगी, पाठीशी दुर्गा, गोष्ट सांगायला साक्षात विष्णू. आपण ‘पौराणिक’ म्हणून मोकळे झालो असतो. दुकानाने त्याला ॲक्शन-ॲडव्हेंचर म्हटलं आणि थडग्यांतून खजिने शोधत हिंडणाऱ्या ‘टूम रेडर’च्या लारा क्रॉफ्टच्या शेजारी नेऊन बसवलं. मला यात एक प्रामाणिकपणा दिसतो. ‘पौराणिक’ वाचून एखाद्या भाविकाने गेम विकत घेतला आणि त्याला वेळेवर उडी मारता आली नाही, तर तो पहिल्याच कड्यावरून खाली पडत राहणार. विष्णूची गोष्ट त्याच्या कानावर पडायची ती तेवढीच.

काही कप्पे मात्र कामावरून पडलेले नाहीत, कुळावरून पडले आहेत. ही सरळसरळ घराणी आहेत. फरक इतकाच, की आपली किराणा आणि ग्वाल्हेर ही गावांची नावं, आणि इथे नाव चालतं मूळ गेमचं. ‘डूम’सारखे जे गेम नंतर आले त्यांना बरीच वर्षं ‘डूम क्लोन’ असंच म्हणत. ‘मेट्रॉइड’ आणि ‘कॅसलव्हेनिया’ यांची नावं जोडून ‘मेट्रॉइडव्हेनिया’ झालं. पण खरी मजा आहे ती ‘रोगलाइक’ या घराण्यात.

मूळ ‘रोग’ हा गेम मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांनी १९८०च्या सुमारास केला. (आजारपणाशी त्याचा संबंध नाही.) त्यात चित्र म्हणून नव्हतंच. खेळणारा म्हणजे ईमेलच्या पत्त्यातलं ‘ॲट’चं चिन्ह. भुयारातले राक्षस म्हणजे इंग्रजी मुळाक्षरं, प्रत्येक अक्षराचा एक राक्षस. झेड दिसला की झोंबी आला. भुयार दर खेपेला नव्याने रचलं जाई, त्यामुळे वाट पाठ करून उपयोग नाही. आणि मेलात की मेलात. जपून ठेवलेला डाव पुसला जाई, पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. एवढ्यावर चाळीसहून जास्त वर्षं वंश चालला आहे. २००८ साली असे गेम करणारे बर्लिनमध्ये जमले आणि रोगलाइक कशाला म्हणावं याची त्यांनी लक्षणंच ठरवली. भुयार दर वेळी वेगळं हवं, मरण कायमचं हवं, तुम्ही एक पाऊल टाकल्याशिवाय शत्रूने टाकता कामा नये, वगैरे. त्यातही काही लक्षणं महत्त्वाची, काही दुय्यम. पुढे २०१३मध्ये ‘रोग लेगसी’ आला. त्यात मेल्यावर पुढचा वारसदार खेळायला येतो आणि आधीच्याची कमाई त्याच्या उपयोगी पडते. झालं, कर्मठांच्या मते मरणाची धारच गेली. मग ‘रोगलाइट’ अशी पोटजात निघाली. आता कोण लाइक आणि कोण लाइट यावर लोक पानंच्या पानं लिहितात. भाच्याचा एक मित्र या विषयावर बोलताना इतका तापतो, की मला तंबोऱ्याच्या सुरावरून मैफल सोडून जाणाऱ्या जुन्या मंडळींची आठवण होते.

ख्रिस क्रॉफर्डने १९८४च्या आपल्या पुस्तकात गेमची वर्गवारी केली, तेव्हा ‘पॅडल’चा एक स्वतंत्र कप्पा होता. ‘पाँग’सारखे, फळीने चेंडू परतवायचे सगळे गेम त्यात. आज त्या नावाने कोणी कप्पा करत नाही. ही वर्गवारी थोड्याच काळात अपुरी पडेल, असं क्रॉफर्डने तिथेच लिहून ठेवलं होतं. वर्गवारी करणाऱ्या फार थोड्या लोकांना हे सुचतं.

एक कप्पा तर टोमण्यातून निघाला आहे. २०१२चा ‘डिअर एस्थर’ घ्या. स्कॉटलंडजवळच्या एका निर्जन बेटावर चालायचं आणि कानावर पडणाऱ्या पत्रांतून गोष्ट जुळवायची. २०१३च्या ‘गॉन होम’मध्ये परदेशातून परतलेली मुलगी रिकाम्या घरातली कपाटं-खण उघडून घरच्यांचं काय झालं ते शोधते. शत्रू नाही, गोळी नाही, हरणं नाही. बोटांना कामच नाही म्हटल्यावर पट्टीच्या खेळणाऱ्यांनी नाक मुरडून ‘वॉकिंग सिम्युलेटर’ म्हटलं, आणि काही म्हणाले हा गेमच नव्हे. आता तेच नाव दुकानात लेबल म्हणून लागतं, आणि ते शोधून घेणारे लोकही आहेत. कुठल्या फळीपुढे मी थांबलेच, तर ती हीच असेल.

‘कॅज्युअल’ हे लेबल मात्र मला पटत नाही. ते दिसतं गेमवर, पण लागतं माणसाला. आमच्या शेजारच्या काकू कित्येक वर्षं नेमाने ‘कँडी क्रश’ खेळताहेत, चार अंकी पायरी कधीच ओलांडली. त्या कॅज्युअल. दर आठवड्याला नवा गेम अर्धवट टाकणारा पोरगा गेमर!

सरकारचे कप्पे आणखी वेगळे. आपल्याकडे फार काळ एकच प्रश्न होता, कौशल्य की नशीब? शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा हा जुगार आहे की नाही, याचा मुंबई राज्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५७ साली न्यायालयाने जुगार ठरवला. १९६८मध्ये रमी मात्र मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरली, कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि हा वादच बाजूला सारला. आता तीन कप्पे आहेत, ई-स्पोर्ट्स, सोशल गेम आणि मनी गेम. पैसे लावून पैसे जिंकायचे असतील तर कौशल्य असो वा नशीब, तो मनी गेम, आणि त्याला बंदी. कायदा बोटांकडे पाहत नाही, खिशाकडे पाहतो.

आमच्यासारख्या, न खेळता गेमबरोबर राहणाऱ्यांच्या कामाचा कप्पा अजून कुठल्याच दुकानात दिसला नाही. ‘मॉर्टल कोंबॅट’मधल्या रक्तपातावरून १९९३मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि पुढच्या वर्षी तिथे वयाची लेबलं सुरू झाली. त्यात रक्त किती, शिव्या किती, जुगार आहे का, खेळताना पैसे भरावे लागतात का, हे सगळं हळूहळू आलं. जेवायला उठता येतं का, हे नाही आलं.

“मावशी, ऑनलाइन गेम पॉज होत नाही गं,” हे वाक्य आमच्या घरात रोज रात्री होतं. कारण खरं आहे. ‘बीजीएमआय’मध्ये विमानातून शंभर जण उतरतात, मैदान आक्रसत जातं, एकाची आमटी निवते म्हणून उरलेले नव्व्याण्णव थांबणार नाहीत. त्यावर भाच्याने मला नियम घालून दिला, की एकट्याने खेळायचा गेम थांबतो, लोकांबरोबरचा थांबत नाही. नियम सुटसुटीत होता. मग त्याने ‘डार्क सोल्स’ आणला, २०११चा. इंटरनेट बंद करा, एकटे खेळा, मेनू उघडून बसा. समोरचा राक्षस तलवार चालवतच राहतो. त्यामुळे हल्ली तवा तापत ठेवण्याआधी मी खोलीत डोकावून विचारते, आज कुठला गेम? ‘डार्क सोल्स’ म्हणाला, की पोळ्या त्याच्या त्यानेच लाटायच्या.