पाचशेला भागा म्हणे!

रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायला लागल्यापासून एक मंत्र सतत कानावर पडतोय. "काका, पाचशेला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागा, तेवढे सेकंद शटर उघडं ठेवा, तारे ठिपक्यासारखे येतात." सांगणारा आमचा पुतण्या. मी विचारलं, पाचशेच का? तर म्हणे, "सगळे तेच करतात." हे उत्तर मी वर्गातसुद्धा कधी चालवून घेतलं नाही.

तरी ऐकलं. माझी लेन्स १८ मि.मी., सेन्सर लहान म्हणून दीडने गुणायचं, झाले २७. पाचशे भागिले २७, म्हणजे साधारण १८ सेकंद. जानेवारीत मृगाचा फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर झकास! हौसेने १८ इंच रुंद छापून आणला, आणि बाणाच्या तीन ताऱ्यांचे तांदळाचे दाणे झालेले.

मग वही-पेन्सिल घेऊन बसलो. (बी.ए.वाल्यालाही भागाकार येतो हो!) पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती फिरते, म्हणजे खगोलीय विषुववृत्तावरचा तारा सेकंदाला १५ विकला सरकतो. विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. माझ्या २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रॉनचा. १८ मि.मी. लेन्सने तारा दर तीन सेकंदांना एक पिक्सेल ओलांडतो. १८ सेकंदांत सहा पिक्सेल. छापील फोटोत जवळजवळ अर्धा मिलिमीटर. झाला की तांदूळ!

म्हणजे पाचशेच्या नियमाला पिक्सेल ठाऊकच नाही. फिल्मच्या काळापासून चालत आलेला हिशेब तो. आणि त्याला आकाशही ठाऊक नाही. बाणाचे तारे खगोलीय विषुववृत्ताला लागून, म्हणून सर्वांत जास्त पळणारे. शर्मिष्ठा त्यापासून ६० अंशांवर, तिथे सरकणं निम्मं. ध्रुव तर जवळपास जागेवरच. सगळ्यांना एकच वेळ कशी लागू पडेल?

"पण जास्त वेळ ठेवलं तर अंधुक तारे येतात ना?" नाही येत! तारा पुढच्या पिक्सेलवर गेला की आधीच्यावर त्याचा प्रकाश साठायचा थांबतो. गावातल्या दिव्यांचा उजेड मात्र १८ च्या १८ सेकंद साठत राहतो.

आता मी मृगाला सहा सेकंद देतो, शर्मिष्ठेला बारा. प्रकाश कमी पडतो, म्हणून तीस-चाळीस फोटो काढून संगणकावर एकावर एक जुळवतो. कटकट आहे, कबूल.

पुतण्याला सगळं कळवलं. त्याचं उत्तर, "काका, मोबाईलवर कुठे दिसतंय?" मोबाईलपुरतंच हवं असेल तर काढा बापडे अठरा सेकंद. पण नवशिक्याला नियम म्हणून सांगू नका. ज्यांना पटत नसेल त्यांनी येत्या अमावास्येला मृगाचे एक सहाचा, एक अठराचा असे दोन फोटो काढावेत, छापावेत आणि मला पोस्टाने पाठवावेत. भिंग माझ्याकडे आहे.