वांझ वेल

यंदा वाशीमच्या आमच्या परसात कोहळ्याचा वेल मांडवभर पसरला. (पुणेकरांनी लाल भोपळा समजावा!) पहाटे पिवळी फुले उमलत, ऊन चढताच मिटत आणि गळत. फळ एक नाही. "वांझ दिसतो, उपटून टाका," शेजारच्या आजी म्हणाल्या. हा शब्द आमच्या सौभाग्यवतींनी लग्नानंतर नऊ वर्षे ऐकला होता. त्या आत निघून गेल्या.

वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या मित्राला मी वेल दाखविला. "अहो, ही सारी नरफुले. आत नुसते पुंकेसर. तीच आधी येतात. वेलाचा काय दोष?"

आठवड्याने मादीफूल आले. पाकळ्यांखाली गोटीएवढे कोहळे, तोच अंडाशय. कोहळ्याचे पराग जड, चिकट. ते वाऱ्याने जात नाहीत, मधमाशीच लागते. कवींचा भ्रमर नुसता गुंजारव करतो, असेच मी आजवर शिकवीत आलो! पराग स्त्रीकेसराच्या टोकावर पडला, की त्यातून नळी फुटून बीजांडापर्यंत उतरते. मग बीजांडाची बी होते, अंडाशयाचे फळ. एरवी गोटी पिवळी पडून गळते.

मधमाश्या फिरकेनात. तेव्हा सौभाग्यवतींनीच सकाळी नरफुलाच्या पाकळ्या काढून त्याचे केसर मादीफुलात टेकवले. आज मांडवाला तीन कोहळी लोंबताहेत. दिवाळीत बोंडे होतील. पहिली वाटी आजींकडे जायची आहे.