आरसीत रंगाचा रकाना आहे, ब्रेकचा नाही

मंडळी, आज राजकारणावर नाही, ब्रेकवर लिहितोय. पण शेवटी विषय सरकारपर्यंत जातोच, त्यामुळे वाचा.

आपल्या तालुक्याच्या गावातही हल्ली अलॉय व्हीलच्या फटीतून लालभडक कॅलिपर दिसायला लागलेत. कॅलिपर म्हणजे डिस्क दोन्ही बाजूंनी पॅडमध्ये दाबून धरणारा चिमटा. बाजारात यांच्या तीन जाती आहेत. पहिली, प्लास्टिकचं झाकण. मूळ कॅलिपरवर चिकटवायचं आणि मिरवायचं. त्याने हवा अडते, उष्णता कोंडते, आणि सुटलं तर चाकात अडकतं. दुसरी, मोठ्या कंपनीचं नुसतं नाव छापलेला माल. तो कुठे ओतला, कुणी तपासला, काही पत्ता नाही. तिसरी जात म्हणजे खरा, महागडा, चार-सहा पिस्टनचा कॅलिपर.

पहिल्या दोन घेऊच नका, विषय संपला. मला बोलायचंय तिसऱ्याबद्दल, कारण तो बसवणाऱ्याला वाटतं की आपण सुरक्षितता विकत घेतली.

गाडी शेवटी थांबते ती टायरच्या पकडीवर. तुमच्या गाडीचा मूळ ब्रेक जोरात दाबल्यावर एबीएस थरथरायला लागत असेल, तर चाक अडवण्याइतकी ताकद त्याच्यात आहेच. मग त्या एका ब्रेकसाठी सहा पिस्टन लावून अंतर फारसं कमी होत नाही. त्यापेक्षा चांगले टायर टाका. मोठा कॅलिपर आणि मोठी डिस्क कामाला येते ती पुन्हापुन्हा जोरात ब्रेक मारावे लागतात तेव्हा, उष्णता पेलायला. रेस ट्रॅकवर तिची गरज असते. कुंभार्लीचा घाट उतरायला खालचा गिअर पुरतो आणि तो फुकट आहे.

उलट नुकसान होऊ शकतं. पुढे मोठ्या पिस्टनचा कॅलिपर लावला आणि मास्टर सिलिंडर तोच ठेवला, तर पेडल जास्त खोल जातं. सगळा भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागचे ब्रेक नावापुरते उरतात. एबीएसचं गणित कंपनीने मूळ ब्रेकवर बसवलेलं असतं, ते बिघडू शकतं. मागे रेसचा कॅलिपर लावलात तर बऱ्याचदा त्यात हँडब्रेकची सोयच नसते. म्हणून किट नेमकं तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेलं हवं. ‘बसतंय ना, मग झालं’ हे चालणार नाही.

आता देखभाल. खरी मेख इथे आहे. रेसच्या अनेक कॅलिपरना पिस्टनवर धूळ अडवणारं रबर नसतं. तिथे ते वरचेवर उघडून साफ करतात. आपल्याकडे जुलैत चिखल आणि मार्चमध्ये फुफाटा. पिस्टन अडकला की पॅड डिस्कला घासत राहतो, गाडी एका बाजूला ओढते आणि एकच चाक तापतं. ही लक्षणं दिसली तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. ब्रेकच्या रबरी सीलला साधं ग्रीस किंवा डिझेल लागलं की सील फुगतं. आपल्याकडे भाग धुवायला डिझेलच वापरतात, म्हणून उभं राहून बघा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 ऑइल कोरडं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शिरल्यावर ती हमी 155 वर येते. उकळलं की वाफ होते आणि पेडल थेट तळाला. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदला. आणि रेसचे पॅड रस्त्यावर नकोतच. ते तापल्याशिवाय नीट धरत नाहीत. सकाळी एसटी स्टँडसमोर पोर आडवं आलं तर पॅड तापेपर्यंत ते थांबणार नाही.

आता सरकारकडे येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांना आळा घालतं. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असं सांगितलं. बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5 हजार दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कागदावर कडक. पण आरसीत गाडीच्या रंगाचा रकाना आहे, ब्रेकचा नाही. गाडी लालची काळी केली तर नोंद करा, ब्रेक बदलले तर विचारणारं कुणी नाही.

पिवळ्या पाटीच्या गाडीला ठरावीक मुदतीने पासिंग करावं लागतं. पांढऱ्या पाटीच्या गाडीची पहिली 15 वर्षं सक्तीची तपासणी काय, तर पीयूसी. धूर बघतात, ब्रेक बघत नाहीत! जर्मनीत असा भाग लावायचा तर त्याच्या मंजुरीचा कागद लागतो, आणि खाजगी गाडीसुद्धा आधी तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी तपासतात. आपल्याकडे स्वयंचलित तपासणी केंद्रांत रोलरवर चाक फिरवून डाव्या-उजव्या ब्रेकचा जोर मोजायची सोय आहे. ती पांढऱ्या पाटीला का नको?

सरसकट बंदीने काही होत नाही. चोरून बसवतात, कच्च्या हाताने बसवतात. ब्रेम्बोसारख्या कंपनीचा कारखाना आपल्या चाकणला आहे, आणि तालुक्यातल्या किती गॅरेजमध्ये टॉर्क रेंच दिसतो ते एकदा बघून या. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मंजुरी असलेल्या किटला परवानगी द्या, आरसीत नोंद करा, रोलरवर तपासा. नापास झाली तर गाडी जागेवर उभी करा.

म्युझिक सिस्टीम बिघडली तर त्रास मालकाला. ब्रेक बिघडला तर किंमत समोरचा मोजतो, आणि त्याने काही ना कॅलिपर निवडलेला असतो, ना रंग.

ज्यांनी आधीच बसवलेत त्यांनी या रविवारी एवढं करा. त्या कॅलिपरचं सील किट आपल्याकडे मिळतं का, याची चौकशी करा. मिळत नसेल तर मूळ कॅलिपर परत लावा. त्यात कमीपणा काही नाही.

कुणाचं वेगळं मत असेल तर खाली लिहा. गॅरेजवाल्यांनी तर जरूर लिहा.