डोंगरधारेवर, दिवसाउजेडी

थंडी पडली की पुण्यातल्या भटक्यांचे पाय कात्रजकडे वळतात. जुन्या बोगद्याजवळच्या वाघजाईपासून भुलेश्वर रांगेच्या धारेने निघायचं आणि टेकड्यांमागून टेकड्या पार करत सिंहगडाचा घाटरस्ता गाठायचा. बहुतेक जण ही वाट रात्री, चांदण्यात तुडवतात. आमचं म्हणणं, एकदा तरी ती दिवसाउजेडी चाला. उत्तरेला शहर थेट डोंगराला येऊन भिडलेलं दिसतं. दक्षिणेला शिवगंगेचं खोरं आणि हवा स्वच्छ असेल तर पुरंदर.

गवत आता पिवळं पडलंय, त्याची कुसळं मोज्यांत घुसतात. उतारावर मुरमाचा घसारा आहे. पाय आडवा टाकला नाही तर बूड टेकलंच म्हणून समजा. वाटेत पाण्याचा भरवसा नाही, तेव्हा माणशी तीन-चार लिटर पाठीवर हवंच.

आणि एक गोष्ट ठणकावून सांगायची. या वाळल्या गवतात टाकलेलं एक थोटूक अख्खी टेकडी काळी करू शकतं. वणव्यात नुसतं गवत जळत नाही. नुकती तग धरलेली रोपं आणि जमिनीवरची घरटीही जातात.

हा अंक हिवाळी भटकंतीचा. वाचा, निघा, काडेपेटी मात्र घरीच ठेवा.