आधी टाकी, मग बायोडिझेल

बायोडिझेल म्हणजे नुसते तेल नव्हे. ते तेलापासून तयार केलेले इंधन आहे. वनस्पती तेल किंवा चरबी कॉस्टिक सोडा विरघळवलेल्या मिथेनॉलबरोबर तापवून ढवळली की खाली जड ग्लिसरीन बसते आणि वर बायोडिझेल राहते. १०० किलो तेलाला सुमारे १० किलो मिथेनॉल लागते आणि जवळपास तेवढेच ग्लिसरीन निघते. साखर कारखान्यांच्या कोल्हापूर जिल्ह्यात इथेनॉलचे नाव रोज कानावर पडते, पण इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात. डिझेल गाडीचा संबंध येतो तो बायोडिझेलशी. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. आयएस १४६० या मानकानुसार पंपावरच्या डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालते. एवढ्या प्रमाणासाठी गाडीत काही बदलावे लागत नाही. खबरदारी लागते ती त्यापुढे, बी-२० म्हणजे २० टक्के मिश्रणापर्यंत जाताना.

कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेसारख्या जुन्या वस्तीत गल्लीच्या तोंडाशी रात्री उभे राहणारे पिकअप हे घर चालवणारे वाहन असते. पहाटे मार्केट यार्डातला भाजीपाला, हंगामात गुऱ्हाळावरचे गुळाचे रवे, एरवी मिळेल ते भाडे. जुनी टाटा २०७, महिंद्राचे जुने पिकअप, २००५ साली बाजारात आलेली टाटा एस अशा गाड्या अजून मेस्त्रींच्या हाताखाली येतात. गाडी रस्त्यात बंद पडली की त्या घराची दिवसाची कमाई बुडते. म्हणून या गाड्यांत नवे इंधन घालताना घाई परवडत नाही.

या गाड्यांचा इंजेक्शन पंप बायोडिझेल बऱ्यापैकी सोसतो. जुन्या इंजिनात नोझल साधारण दोनशे-अडीचशे बारला उघडते. नव्या इंजिनांतल्या कॉमन रेलचा दाब हजार बारच्या कितीतरी पुढे जातो, आणि तिथले भाग इंधनातल्या बारीकशा दोषानेही बिघडतात. इनलाइन पंपाला वंगण इंजिन ऑइलचे मिळते. रोटरी पंपाला ते इंधनातूनच मिळते, त्यामुळे इंधनात पाणी आले तर पहिला घाव रोटरी पंपावर बसतो. गंधक कमी केलेल्या डिझेलचे वंगणगुण घटतात. १-२ टक्के बायोडिझेलनेही ते पुष्कळ भरून येतात, हा जुन्या पंपाला होणारा खरा फायदा.

सोसत नाही ती इंधनाची वाट. पहिली अडचण टाकीची. बायोडिझेल चांगले विद्रावक आहे. पंधरा-वीस वर्षांत टाकीच्या तळाला आणि पाइपांच्या आत बसलेला चिकट थर ते सोडवते आणि तो सगळा फिल्टरमध्ये येऊन अडकतो. गाडी चढाला ओढत नाही, रेस दिली की दम सोडते, आणि मालक म्हणतो, नवे तेल वाईट. फिल्टर खोलला की कागदी घड्यांवर काळपट तपकिरी, लोण्यासारखा गाळ दिसतो. तो जुन्या टाकीतला असतो. म्हणून मिश्रण भरण्याआधी टाकी उतरवून धुवावी, पहिल्या एक-दोन टाक्यांनंतर फिल्टर बदलावा आणि तोवर गाडीत एक जादा फिल्टर ठेवावा.

दुसरी अडचण रबराची. नैसर्गिक रबर आणि साधे नायट्राइल बायोडिझेलने फुगतात, मऊ पडतात. पाइप दोन बोटांत दाबून पाहावा. तो लिबलिबीत लागला, बाहेरून ओलसर वाटला किंवा तोंडाशी भेगाळला असेल तर बदलावा. फीड पंपाच्या बाजूचा पाइप सैल पडला की तेल गळायच्या आधी हवा शिरते आणि सकाळी गाडी चालू व्हायला त्रास देते. नवे पाइप आणि ओ-रिंग व्हायटनचे घ्यावेत. तांबे, पितळ आणि जस्त यांच्या सहवासात बायोडिझेल लवकर खराब होते. तांब्याच्या नळ्या आणि आतून जस्त चढवलेले डबे टाळावेत.

सर्वांत मोठा धोका मात्र प्रक्रिया न केलेल्या, कच्च्या खाद्यतेलाचा आहे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालले होते, हे खरे. पण तळणीचे उरलेले तेल गाळून थेट टाकीत ओतण्याला तो आधार होत नाही. कच्चे तेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट दाट असते. नोझलच्या तोंडाशी कार्बन धरतो, रिंगा चिकटतात, इंजिन ऑइल घट्ट होते. वापरलेले खाद्यतेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये 'रुको' उपक्रम सुरू केला. तळणीचे तेल त्या वाटेने जावे. बायोडिझेलच्या नावाने भलतीच औद्योगिक तेले विकल्याची प्रकरणेही महाराष्ट्रात आणि गुजरातेत उघडकीस आली आहेत. आयएस १५६०७ मानकाचे प्रमाणपत्र दाखवणाऱ्या परवानाधारक विक्रेत्याकडूनच माल घ्यावा.

शंका असेल तर गॅरेजमध्येच एक परीक्षा होते. काचेच्या बाटलीत शुद्ध बायोडिझेल आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन जोरात हलवावे. अर्ध्या तासात दोन स्वच्छ थर झाले तर माल बरा. मध्ये साबणासारखा पांढरा फेस राहिला तर तो परत करावा.

हवामानाचाही विचार हवा. पामतेलापासूनचे शुद्ध बायोडिझेल १५ अंशांच्या आसपास गढूळ होऊ लागते, आणि कोल्हापुरात थंडीतल्या पहाटे पारा तिथवर उतरतो. २० टक्के मिश्रणात हा त्रास बराच कमी असतो. पावसाळ्यात हंगाम संपलेली गाडी महिनोन्‌महिने उभी राहते. बायोडिझेल ओल धरते, त्या पाण्यात जंतू वाढतात आणि शेवाळासारखा थर तयार होतो. म्हणून हंगाम संपताना मिश्रण वापरून संपवावे, टाकी साध्या डिझेलने पूर्ण भरावी आणि फिल्टरच्या बाऊलमधले पाणी सोडावे.

बी-२० वर मायलेज एक-दोन टक्के घटते. धूर कमी होतो, नायट्रोजनची ऑक्साइडे किंचित वाढू शकतात. ऑइलची पातळी आपोआप वाढताना दिसली तर इंधन ऑइलमध्ये उतरत आहे असे समजून ऑइल लगेच बदलावे आणि इंधनाची वाट तपासावी. एकदम २० टक्क्यांवर न जाता ५, १०, २० अशा पायऱ्यांनी चढावे आणि त्यापुढे जाऊ नये. आधी टाकी आणि पाइप, मग मिश्रण आणि त्यानंतर नवा फिल्टर, हा क्रम सांभाळला तर जुन्या पिकअपला हे इंधन मानवते.