हयातीचा दाखला आणि परदेशी गेलेला सैनिक

२०२२ सालच्या एप्रिल महिन्याचे निवृत्तिवेतन सुमारे ५८ हजार संरक्षण निवृत्तिवेतनधारकांच्या खात्यांत वेळेवर जमा झाले नाही. संरक्षण मंत्रालयाने खुलासा केला तो असा की, या मंडळींची वार्षिक ओळख-पडताळणी नोंदलेली नव्हती. म्हणजे ही माणसे जिवंत आहेत याचा पुरावा सरकारदरबारी पोचला नव्हता. ओरड झाल्यावर मेच्या पहिल्याच आठवड्यात रकमा जमा झाल्या, पडताळणीला २५ मेपर्यंत मुदत मिळाली आणि प्रकरण मिटले असे सर्वांनी गृहीत धरले. वस्तुतः ते मिटलेले नाही. निवृत्तिवेतनाचे वाटप बँकांकडून काढून प्रयागराजच्या कार्यालयामार्फत चालणाऱ्या ‘स्पर्श’ नावाच्या संगणकीय व्यवस्थेकडे सोपवण्याच्या काळातली ही घटना होती. आज त्या व्यवस्थेवर तीस लाखांहून अधिक माणसांचा महिना अवलंबून आहे. आणि पुरावा नाही तर पैसा नाही, हे तिचे सूत्र कायम आहे.

या सूत्राचा सर्वांत कठोर फटका बसतो तो निवृत्तीनंतर परदेशी राहणाऱ्या सैनिकाला व त्याच्या विधवेला. मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही. घाटकोपरला नौदलाचे मोठे साहित्य भांडार आहे, मालाडला ‘हमला’ हा नाविक तळ आहे, कांदिवलीला लष्कराचे आयुध भांडार आहे. येथे नोकरी केलेली शेकडो कुटुंबे मुलुंड, भांडुप, बोरिवलीच्या गृहनिर्माण संस्थांत स्थिरावली, त्यांची मुले अभियांत्रिकी शिकली आणि परदेशी गेली. मागोमाग म्हातारे आईवडीलही गेले. काही सहा महिन्यांपुरते, काही कायमचे.

नियमात सोय नाही असे कोणी म्हणू नये. परदेशस्थ निवृत्तिवेतनधारकाने स्वतः हजर होण्याची सक्ती नाही. भारतीय दूतावासातील अधिकारी, तेथील नोटरी किंवा न्यायदंडाधिकारी यांच्यापैकी कोणाच्याही सहीचा दाखला चालतो. अनेक वाणिज्य दूतावास नोव्हेंबरात शिबिरे भरवतात. १० नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय आहे आणि २०२१ पासून मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही हयाती सिद्ध करता येते. कागदावर पाहिले तर एवढ्या वाटा दुसऱ्या कोणत्याही खात्याने ठेवल्या नसतील.

परंतु या वाटांवरून प्रत्यक्ष चालून पाहावे. ‘जीवन प्रमाण’ला आधार क्रमांक लागतो. जो सैनिक आधार येण्यापूर्वीच मुलाकडे गेला आणि पुढे तेथला नागरिक झाला, त्याला आधार हवे तर मागल्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिले पाहिजे. म्हणजे घरबसल्या हयात ठरण्यासाठी आधी अर्धे वर्ष घर सोडायचे! उरला दूतावास. मिशिगन राज्यात राहणाऱ्याचा वाणिज्य दूतावास शिकागोला. डेट्रॉइटहून तो चारशे किलोमीटरच्या वर आहे. सातव्या वेतन आयोगाने किमान मूळ निवृत्तिवेतन ९,००० रुपये ठरवले. महागाईभत्ता सोडला तर डॉलरांत ते शंभराच्या आसपास भरते. त्यातून ऐंशी वर्षांच्या माणसाला मोटारीने शिकागोला नेऊन आणण्याचा खर्च वजा केला तर त्या महिन्याचे हाती काय उरेल, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

विधवेची स्थिती आणखी बिकट, आणि त्यात एक खास महाराष्ट्रीय गुंता आहे. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपली रीत. माहेरची शकुंतला सासरी सुमन होते. नवऱ्याच्या सेवा-नोंदीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, पारपत्रावर तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले. नवरा होता तोवर कोणाचे काही अडले नाही. तो गेल्यावर संगणकाने दोन नोंदी पडताळल्या आणि ही तीच बाई आहे हे मानण्यास नकार दिला. खलाशांच्या सेवा-नोंदी सांभाळणारे नौदलाचे कार्यालय मानखुर्दला चीता कॅम्पमध्ये आहे. मुलुंडहून एका सकाळचे काम. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नोंदी बेळगावला. न्यू जर्सीहून मात्र दोन्ही सारखीच दूर, कारण प्रतिज्ञापत्रे, साक्षांकन आणि टपाल यांत महिने जातात आणि तोवर ‘स्पर्श’ पुरावा मागतच राहते.

तथापि परदेशस्थ माजी सैनिक म्हणजे अमेरिकेतल्या मुलाच्या बंगल्यात राहणारा सुखवस्तू गृहस्थ, हे चित्र अपुरे आहे. जवान पंधरा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनास पात्र होतो आणि चाळिशीच्या आत-बाहेर घरी येतो. मुलांची शाळा, घराचा हप्ता, म्हातारे आईवडील हे सारे त्याच वेळी अंगावर आलेले असते. मग साताऱ्याचा किंवा रत्नागिरीचा हा माणूस घाटकोपरच्या एखाद्या खोलीत कुटुंब ठेवतो आणि आखातात रखवालदार, अग्निशामक, जहाजदुरुस्तीचा कामगार म्हणून जातो. कतारमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये अटक झालेले, ऑक्टोबर २०२३ मध्ये मृत्युदंड ठोठावलेले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुटलेले आठजण भारतीय नौदलाचेच निवृत्त लोक होते. त्यांच्यामुळे निवृत्त नाविक आखातात नोकरीला असतो ही गोष्ट वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली. कित्येकदा आखाती मालकाकडे कामगाराचे पारपत्र अडकलेले असते, नोव्हेंबरात रजा मिळेलच असे नाही, आणि दूतावासात घालवलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. देशाने भर उमेदीत मोकळा केलेला हा श्रमिक दोनदा विकला जातो. एकदा पंधरा वर्षांसाठी देशाला, मग उरलेल्या उमेदीसाठी कंत्राटदाराला. पहिल्या विक्रीची थकलेली किंमत म्हणजे त्याचे निवृत्तिवेतन.

१७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हेच सांगितले. पीठाचे अध्यक्ष सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते, निकालपत्र न्यायमूर्ती देसाई यांचे. निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नव्हे, केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, हा त्याचा गाभा. मोबदला द्यायचा आहे हे एकदा मान्य केले की घेणाऱ्याला शोधून काढण्याचे काम देणाऱ्याकडे येते. सावकार ऋणकोच्या दारी जातो हे सर्वांना ठाऊक आहे. येथे मात्र ऋणको असलेले सरकार धनकोलाच विचारते की तू अजून आहेस काय?

मेलेल्यांच्या नावावर पैसे उचलले जातात, असा यावर आक्षेप येईल. उचलले जातात, आणि ते रोखलेच पाहिजे; २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षण निवृत्तिवेतनासाठी १ लाख ६० हजार कोटींहून अधिक तरतूद आहे, तो पैसा जनतेचा आहे. पण दाखला न आला तर माणूस मेला असे धरून चालणे ही पडताळणी नव्हे. आधी फोन करावा, पत्र पाठवावे, दूतावासाच्या माणसाने जाऊन यावे, आणि तेवढे होईपर्यंत वेतन चालू ठेवावे.

हे अशक्य आहे म्हणणाऱ्यांनी नेपाळकडे पाहावे. १९४७ च्या त्रिपक्षीय करारानुसार भारतीय सेनेत गोरखा सैनिक भरती होत आले आणि निवृत्त होऊन परक्या देशात, म्हणजे स्वतःच्या गावी, परत गेले. लाखाहून अधिक अशा निवृत्तिवेतनधारकांसाठी भारत सरकारने काठमांडू, पोखरा व धरान येथे वाटप-कार्यालये चालवली, दूरच्या डोंगराळ जिल्ह्यांत शिबिरे नेली. माजी सैनिकांसाठी एप्रिल २००३ मध्ये सुरू झालेल्या अंशदायी आरोग्य योजनेचे दवाखानेही तेथे उघडले. सीमेपलीकडे पैसा आणि औषध घेऊन जाणे सरकारला जमते, ही त्याची ग्वाही. इतर देशांत तीच आरोग्य योजना विमानतळावरच संपते. अमेरिकेत नव्याने कायम वास्तव्याला गेलेल्या वृद्धाला सरकारी वैद्यकीय विमा विकत घ्यायचा तरी पाच वर्षे थांबावे लागते. त्या पाच वर्षांत त्याने आजारीच पडू नये अशी अपेक्षा असावी. अमेरिकेचा स्वतःचा माजी सैनिक परदेशी गेला, तर सेवेत जडलेल्या व्याधीचा खर्च त्याचे सरकार तेथेही भरते. निदान सेवेत आलेल्या अपंगत्वापुरते आणि जखमांपुरते तरी भारताने इतके करावे, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. अशा सैनिकांची संख्या मर्यादित आहे आणि त्यांची नोंद सरकारकडेच आहे.

ही मागणी संसदेत यायची तेव्हा येईल. उपनगरातील कार्यकर्त्यांना आजच करता येण्यासारखे काम वेगळे आहे. वस्तीतले माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा कोण, त्यांपैकी पुढच्या वर्षभरात मुलाकडे किंवा आखातात कोण जाणार, याची यादी करावी. निवृत्तिवेतनाचा आदेश, आधार आणि पारपत्र या तिन्हींवर पत्नीचे नाव एकसारखे आहे की नाही ते पाहावे, आणि नसेल तर विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी मानखुर्दला किंवा बेळगावला अर्ज गेला पाहिजे. मोबाईल क्रमांक परदेशातही चालू राहील अशी तजवीज करावी. मुंबई उपनगराच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने ऑक्टोबरातच अशा कुटुंबांसाठी एक खिडकी उघडावी म्हणून शिष्टमंडळ न्यावे. ते जितके लवकर जाईल तितके बरे, कारण नोव्हेंबर लागला की रांग फुटपाथपर्यंत येते आणि खिडकीतल्या कारकुनालाही कोणाचे नीट ऐकून घ्यायला वेळ उरत नाही.