पाताळातली भाची

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयातला ब्राँझचा छोटा पोसायडन पाहिलाय? १९४० च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेला हा ग्रीक समुद्रदेव. सातवाहनांच्या काळी रोमन व्यापाराच्या वाटेने तो इथवर आला.

पाताळाचा राजा हेडीस हा या पोसायडनचा सख्खा भाऊ. हेडीसने पळवून नेलेली पर्सेफनी पोसायडनची पुतणी, आणि आईकडून भाचीसुद्धा. (ग्रीक देवांच्या नात्यांत फार शिरू नये!) पाताळात तिने डाळिंबाचा दाणा खाल्ला आणि अडकली. वर्षाचा तिसरा हिस्सा तिला तिथेच काढावा लागतो. तेवढे दिवस तिची आई, धान्यदेवता डिमिटर, रानात काही उगवू देत नाही. लेक परतली, की शिवार हिरवं.

आपल्याला यात परकं काय आहे? भाद्रपदात पाणवठ्यावरून तेरड्याची गौर वाजतगाजत घरी येते, भाजी-भाकरीचा नैवेद्य खाते आणि तिसऱ्या दिवशी निघतेही. डिमिटरने लेकीसाठी आठ महिने मिळवले. आमच्या मते सौदा तिचाच बरा.

यंदाचा अंक अशा ऋतुकथांचा आहे. तुमच्या गावची गौर कशी येते, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.